१९६९ची डॉज चार्जर फिनिक्सहून न्यू जर्सीला चालवत आणायची आहे

प्रश्न: इंजिन ३८३ घन इंचांचं, गाडी पाच वर्षं गॅरेजात उभी होती. जुलैत साधारण २,४०० मैल. निघण्याआधी काय काय बघू?

उत्तर १: आधी टायर. नक्षी कितीही खोल दिसो, टायरच्या कडेवर कोरलेल्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१४ म्हणजे २०१४चा २३वा आठवडा. असा जुना टायर हायवेवर उन्हात फाटतो, बदलाच. आणि हे टायरवाल्याला हमखास सांगा: या गाडीच्या डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटतात. नट काढायची गन नेहमीसारखी लावली की स्टड (नट बसतो तो बोल्ट) तुटलाच.

उत्तर २: टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. जुन्या रबरी नळ्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने भेगाळतात, गळका थेंब तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडला तर आग लागू शकते. सगळ्या नळ्या, ब्रेकचे होजसुद्धा नवे घाला. फिनिक्सहून उत्तरेला फ्लॅगस्टाफपर्यंतचा चढ उन्हाआधी पहाटेच संपवा.

प्रश्नकर्ता: धन्यवाद! एक राहिलं. स्टार्टर मारला की इंजिन पेटतं, किल्ली सोडली की लगेच बंद.

उत्तर ३: बॅलास्ट रेझिस्टर (इग्निशन कॉइलला जाणारी वीज कमी करणारा भाग) गेलाय. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, पांढरी चिनीमातीची पट्टी दिसेल, तीच. स्टार्ट करताना वीज त्याला वळसा घालून कॉइलला जाते, म्हणून तेवढंच पेटतं. बदलायला एक स्क्रू, दोन कनेक्टर. दोन जादा डिकीत ठेवा.