एमआय केबलच्या टोकात ओल: कापायची की तापवायची?

वायरमन_चिपळूण:
फायर पंपाची एमआय केबल (तांब्याच्या नळीत तारांभोवती खनिज पावडर ठासलेली केबल) ओढली आणि भर पावसात टोकं तीन आठवडे उघडी राहिली. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) अर्धा मेगओहमसुद्धा येईना. साहेब म्हणाले, गॅसचा टॉर्च मार, ज्योतीने वाळव. मी ऐकलं नाही. दोन्हीकडून वीत-वीत कापली, रीडिंग १०० मेगओहमच्या वर गेलं. मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ओल ओढते हे खरं, पण ती इतकी ठासून भरलेली असते की ओल सहसा काही इंचांपलीकडे शिरत नाही. मग आग लावायचीच कशाला?

जुना_फोरमन:
कापायला लांबी असेल तर जरूर काप, दादा. पण केबल पॅनेलपर्यंत जेमतेम पोचलेली असेल तर काय करशील? मी वीस वर्षं टॉर्चने वाळवतोय. ज्योत केबलच्या उघड्या तोंडावर धरायचीच नाही. फूटभर आत, कोरड्या भागापासून सुरू करून हळूहळू उघड्या तोंडाकडे आणायची. उलटं केलं की वाफ आत पळते आणि पुढची चांगली केबलही ओली होते. टॉर्चला नावं ठेवणारे बहुतेक जण इथेच चुकलेले असतात. आणि गरम असताना रीडिंग आधी आणखी पडतं, तेव्हा घाबरून सोडू नये. गार झाल्यावरचा आकडा खरा.

मेंटेनन्स_रोहा:
काका, पद्धत बरोबर आहे, पण आमच्याकडे सॉल्व्हंटची वाफ असते, तिथे ज्योत नेताच येत नाही. शिवाय जुनी ओल नुसतं पाणी राहत नाही, तिचं हायड्रॉक्साइड होतं. ते मोडायला साधारण ३५० अंश लागतात, वरवरच्या शेकाने भागत नाही. माझं मत कापण्याकडेच. आवरणाला मधेच भोक असेल तर तेवढा तुकडा काढून जॉइंट मारावाच लागतो.

जुना_फोरमन:
वाफेच्या जागी ज्योत नको, हे मान्यच. बाकी ठिकाणी दरवेळी वीतभर तांबं फेकणं मला पटत नाही. आणि कापा नाहीतर वाळवा, त्यानंतर टोक सील करणारं पॉट (टोपण) आणि त्यात भरायचं कंपाउंड लगेच बसलं पाहिजे. जेवून येतो म्हणून उघडं टाकलं की पुन्हा तेच.

वायरमन_चिपळूण:
काका, साहेब ज्योत थेट तोंडावरच धरायला सांगत होते, म्हणून मी अडलो. फूटभर आतून सुरुवात करायची हे आज कळलं. एक तुकडा उरलाय, त्यावर करून बघतो. चालू फायर पंपाच्या केबलवर मात्र मी अजूनही कापणारच. सील केल्यावर दुसऱ्या दिवशी परत मेगर लावला होता, रीडिंग टिकून होतं.