मदत हवी आहे: मुलाच्या फ्रॅटर्निटीतल्या हेझिंगबद्दल निनावी तक्रार

मुलगा पेनसिल्व्हेनियात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय १९. सध्या एका फ्रॅटर्निटीत (कॉलेजातल्या मुलांच्या बंधुसंघात) प्लेज, म्हणजे उमेदवारीवरचा नवा सदस्य आहे. तिथे हेझिंग, म्हणजे नव्या पोरांचा छळ, चालतं. अपरात्री फोन आला की गाडी घेऊन सिनियर्सना आणायला जायचं, हाउसची फरशी पुसायची. जुन्या सदस्यांची नावं-गावं पाठ करायला वही दिली आहे, चुकलं की गुडघ्यांवर बसून पुन्हा म्हणायची. दोन्ही गुडघे काळेनिळे झालेले मी स्वतः पाहिले. आता 'बिग-लिटल नाइट', म्हणजे प्रत्येक प्लेजला एक सिनियर 'मोठा भाऊ' म्हणून जोडून देतात ती रात्र, जवळ आली आहे. २०२१ मध्ये ओहायोत स्टोन फोल्ट्झ हा विद्यार्थी अशाच रात्री बाटलीभर दारू प्यायला लावल्याने गेला, म्हणून जीव थाऱ्यावर नाही.

मुलाशी बोलून झालं. "मी माझ्या मर्जीने करतोय, तक्रार केलीत तर माझंच नाव येईल," म्हणतो. इथल्या २०१८ च्या हेझिंगविरोधी कायद्यात विद्यार्थ्याची संमती हा बचाव धरला जात नाही, हेही त्याला दाखवलं. हेझिंगविरोधी राष्ट्रीय हॉटलाइनवर नाव न सांगता निरोप ठेवता येतो, पण तो फ्रॅटर्निटीच्याच मुख्यालयाकडे जातो, त्यामुळे धीर होत नाही. त्याला बाहेर पड म्हणून सांगा, हा सल्ला कृपया नको. तो ऐकणार नाही, आणि बाकीची पोरं तिथेच राहतील.

कुणी थेट कॉलेजकडे निनावी तक्रार केली आहे का? कोणते तपशील गाळले म्हणजे संशय एकाच मुलावर जात नाही? आणि सज्ञान मुलाने नको म्हटलेलं असताना तुम्ही त्याला आधी सांगितलंत की नंतर?