खास रंग आणि खडे

गाडीला एवढ्या हौसेने करून घेतलेला खास रंग डोंगरातल्या रस्त्यांवर खडे खायला कशाला न्यायचा, हे या चर्चेत वर कुणीतरी मांडलेलं म्हणणं काही पटलं नाही. बीएमडब्ल्यू एम३सारखी वेगवान सेडान झाकूनच ठेवायची तर घ्यायची कशाला? इटलीतल्या आल्प्समधल्या स्टेल्व्हिओ घाटाची उत्तरेकडची ४८ वळणं काय फोटोत बघायची?

खरी डोकेदुखी दुरुस्तीची, आणि ती इथे कुणी काढलीच नाही. मोतिया झाक असलेले बरेच खास रंग तीन थरांचे असतात: खाली मूळ रंग, मध्ये अर्धपारदर्शक झाकेचा थर, वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर. मधला थर जरा जाड-पातळ झाला की छटा बदलते. म्हणून एका दाराला ओरखडा गेला तरी चांगला पेंटर शेजारच्या पॅनेलपर्यंत रंग विरवत नेतो, आणि बिलही तसंच वाढतं. मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या रंगाचं तर विचारूच नका, पॉलिश मारलं की तेवढाच भाग चकाकायला लागतो. माझ्या गाडीला बंपर, बॉनेटची पुढची कड आणि मागच्या चाकांपुढचा भाग एवढ्यावरच पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म आहे. बॉनेटवर फिल्मची कड उन्हात रेघेसारखी दिसते, पण चालतंय. रंगाचा कोड मात्र डिलिव्हरी घेतानाच लेखी मागून घ्या. खास रंग नेहमीच्या तक्त्यात सापडेलच असं नाही.