मदत हवी आहे : टायबेरियसचं नाणं, रोमन काळातलं मुलाम्याचं की आजकालची नक्कल?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा नाशिकचा, सध्या लेस्टरला असतो. जोगळटेंभीला १९०६ साली निघालेल्या घबाडातलं नहपानाचं एक नाणं शाळेत असताना पाहिलं होतं. एवढ्याशा चांदीवर राजाचा अख्खा चेहरा! रोमन नाण्यांकडे वळलो ते त्याच ओढीने. रोमन सम्राट टायबेरियसचा डिनॅरियस, म्हणजे चांदीचं नाणं, तर हवाच होता, कारण फ्रान्समधल्या ल्योंच्या टांकसाळीतली हीच नाणी कोइमतूरच्या बाजूला सापडतात, मिरीच्या व्यापारातून आलेली.

गेल्या आठवड्यात एका नाणे-मेळ्यात तो मिळाला, आणि घरी आणल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

दर्शनी बाजूला टायबेरियसचं उजवीकडे पाहणारं मस्तक, मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली स्त्री, जिला बरेच जण त्याची आई लिव्हिया मानतात. ‘पोंटिफ मॅक्सिम’ (मुख्य पुरोहित, ही सम्राटाची पदवी) ही अक्षरं स्वच्छ वाचता येतात. पण वजन भरलं ३.१२ ग्रॅम, असायला हवं ३.७ च्या आसपास. झिजून इतकं कमी होईल असं वाटत नाही, नाकाची रेषासुद्धा शाबूत आहे.

मग दोऱ्याला बांधून पाण्यात तोललं. ०.३४ ग्रॅम घट आली, म्हणजे घनता ९.२ च्या जवळ. चांदीची १०.५, तांब्याची ८.९६. काट्याची चूक धरली तरी आत तांबंच असणार. दहापट भिंगातून पाहिलं तर मानेमागे तिळाएवढी चांदी उडालीय, खाली लालसर, आणि कडेला हिरवा ठिपका.

तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून ठशाने पाडलेली खोटी नाणी रोमन काळातही चालत, हे ठाऊक आहे. तसं असेल तर मी ते आनंदाने ठेवेन, दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी फसलं असेल त्याचा तो पुरावा! पण आजकाल साच्यात ओतून वर मुलामा दिलेलं असेल तर नको. कडेवर सांध्याची रेघ दिसत नाही, बुडबुड्यांचे खड्डेही नाहीत. तेवढ्यावर विश्वास ठेवावा का? उडालेल्या जागी चांदीच्या थराची जाडी पाहून काही सांगता येतं का? हिरवा ठिपका खरा गंज आहे की वरून लावलेला, हे नाण्याला इजा न करता कसं तपासू?

कड, मान आणि दोन्ही बाजूंचे फोटो जोडतो आहे. विक्रेता पंधरा दिवसांत परत घेईल म्हणाला, त्यातले नऊ गेले. ज्यांनी अशी नाणी हाताळली आहेत त्यांनी कृपया लवकर लिहा.