चोचीतलं लोखंड की डोळ्यातलं प्रथिन?

पक्षी दिशा कशी ओळखतात? चोचीतले लोखंडाचे कण म्हणजेच त्यांचं होकायंत्र, असं सांगितलं जातं. हा समज बरीच वर्षं चालला. पण २०१२ साली कबुतरांच्या चोची बारकाईने तपासल्या, तेव्हा त्या लोहयुक्त पेशी चेतापेशी नसून रोगप्रतिकारक पेशी निघाल्या. सध्या पारडं डोळ्याकडे झुकलंय. दृष्टिपटलातल्या क्रिप्टोक्रोम या प्रथिनावर निळा उजेड पडला की इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे होतात, आणि त्या क्रियेवर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेचा परिणाम होतो, असा कयास आहे.

खरी गंमत पुढेच. या होकायंत्राला उत्तर-दक्षिण कळतच नाही! १९७२ मध्ये विल्चको या जर्मन संशोधक दांपत्याने युरोपियन रॉबिन या पक्ष्यावर दाखवून दिलं की पक्षी चुंबकीय रेषांचा जमिनीशी असलेला कल ओळखतो. ध्रुवाची बाजू कुठली आणि विषुववृत्ताची कुठली, एवढंच त्याला समजतं; तो ध्रुव उत्तरेचा की दक्षिणेचा, हे नाही. केरळातल्या थुंबाजवळून चुंबकीय विषुववृत्त जातं, तिथे या रेषा आडव्या असतात. आपल्या कोल्हापुरात त्या उत्तरेकडे थोड्या खाली झुकतात, सायबेरियात जवळजवळ उभ्या. हिवाळ्यात रंकाळ्याच्या काठाने शेपटी हलवत फिरणारा धोबी पक्षी उत्तरेतून येतो, म्हणजे वाटेत हा कल सारखा बदलत जाणार.

मोबाईल टॉवरमुळे पक्षी वाट चुकतात, असंही म्हणतात. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठात रॉबिनची दिशा चुकत होती, पिंजऱ्यांच्या खोल्यांना बाहेरच्या रेडिओ लहरी अडवणारं ॲल्युमिनियमचं आवरण घालून अर्थिंग दिल्यावर ती सापडली (२०१४). पण गोंधळ घालणाऱ्या लहरी ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे एएम रेडिओच्या पट्ट्यातल्या. मोबाईल त्याच्या कितीतरी वर चालतो, तेव्हा या प्रयोगावरून टॉवरवर खापर फोडता येत नाही.