वर्षभराच्या लेखनाचा हिशेब: शब्द मोजायचे की संपलेल्या कथा?

दौत-टाक (धागाकर्ते)

'यंदा बारा कथा' असा संकल्प सोडला की बहुतेक जण दुसऱ्या दिवसापासून शब्द मोजायला लागतात. रोज ५००, म्हणजे वर्षाला १,८२,५००. आकडा भरघोस दिसतो. माझं म्हणणं असं की कथा लिहिणाऱ्याने हा आकडा ठेवूच नये, कारण तो कामाच्या उलट दिशेला ढकलतो.

कसा ते बघा. ४,२०० शब्दांचा खर्डा ३,००० वर आणणं हे कथेतलं सगळ्यात मोलाचं काम. वहीत मात्र त्या आठवड्यापुढे उणे १,२०० पडतात. दोन-तीनदा असं झालं की हात आपोआप नव्या कथेकडे वळतो, कारण तिथे आकडा वाढतो. डिसेंबरात बेरीज मोठी असते, सात खर्डे अर्धे असतात आणि संपादकाला पाठवण्याजोगी कथा एकही नसते.

त्याऐवजी एका कथेला एक ओळ द्या आणि पुढे पाच रकाने आखा: टिपण, पहिला खर्डा, फेरलेखन, दुसऱ्याने वाचली, पाठवली. रकान्यात बरोबरची खूण करू नका, तारीख लिहा. खुणेवरून काम झालं एवढंच कळतं. दोन तारखांमधल्या अंतरावरून ते कुठे अडतं हे कळतं. 'पहिला खर्डा' आणि 'फेरलेखन' या दोन रकान्यांच्या मध्ये एका वेळी तीनपेक्षा जास्त कथा उभ्या राहू द्यायच्या नाहीत. चौथी सुचली तर ती टिपणातच थांबेल. वर्षअखेरी मोजायचा तो फक्त शेवटचा रकाना.

आणखी एक. मराठी कथेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे कथेची मोठी बाजारपेठ दिवाळीच आहे. बरेच संपादक जून-जुलैत साहित्य मागवतात. जानेवारी ते डिसेंबर असे समान भाग पाडले तर ३० जूनला बारापैकी सहा कथा हातात असायला हव्यात आणि उरलेल्या सहा कथा अंकांची दारं बंद झाल्यावर तयार होतात. व्यापारी दिवाळीत वहीपूजन करून हिशेबाचं वर्ष बदलायचे. कथाकारानेही दिवाळीचा पाडवा ते पाडवा हिशेब ठेवावा.

चौकट

पूर्ण असहमत. 'पाठवली' हा आकडा खरा आहे, पण फार उशिरा येतो. पहिले चाळीस दिवस त्या रकान्यात काहीच पडणार नाही आणि बहुतेक संकल्प या चाळीस दिवसांतच मोडतात. गाडी किती किलोमीटर गेली हे मुक्कामाला पोचल्यावर सांगणारा काटा चालवणाऱ्याच्या काय कामाचा? रोज बसलो की नाही हे रोजच कळलं पाहिजे.

फेरलेखनात आकडा उणे होतो हा दोष मोजण्याचा नाही, चुकीचं मोजण्याचा आहे. दोन आकडे ठेवा: नवे शब्द आणि हाताळलेले शब्द. १,२०० शब्द कापले तर हाताळलेल्यात १,२०० जमा. एवढी उठाठेव नको असेल तर मिनिटं मोजा. ४५ मिनिटं सलग, फोन दुसऱ्या खोलीत. मिनिटं खर्ड्यालाही लागतात, कापाकापीलाही.

ॲन्थनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहायला बसे. समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द, आणि रोजच्या पानांची डायरीत नोंद. एखादा आठवडा रिकामा गेला तर तो डायरीत तसाच समोर दिसे. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. त्याच्या नावावर सत्तेचाळीस कादंबऱ्या आहेत.

आपल्याकडे साधन भिंतीवरच आहे. १९७३ पासून घराघरांत 'कालनिर्णय' आहे आणि त्याच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहायची सवय आहे. त्याच चौकटीच्या कोपऱ्यात मिनिटं लिहा. फुली नको, आकडा हवा. फुलीतून दहा मिनिटं आणि नव्वद मिनिटं यांतला फरक दिसत नाही. आणि ज्या दिवशी लिहिलं नाही त्या दिवशी शून्य लिहाच. रिकाम्या चौकटीचे दोन अर्थ होतात, लिहिलं नाही किंवा नोंदवायचं राहिलं. महिनाअखेरी मन नेहमी दुसरा अर्थ निवडतं.

मुद्रितशोधक

शब्द मोजणाऱ्यांसाठी एक तांत्रिक मुद्दा, कारण इथले अनेक जण इंग्रजी लक्ष्यं जशीच्या तशी उचलतात. १९९९ साली सुरू झालेल्या आणि पुढे नोव्हेंबर महिन्यात होणाऱ्या 'नॅनोरायमो' या कादंबरी-उपक्रमात ३० दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे दिवसाला १,६६७, हे प्रमाण होतं. ते मराठीला लावू नका. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून येतात. 'झाडाखालून' हा आपला एक शब्द, इंग्रजीत तेच सांगायला चार लागतात. तोच मजकूर मराठीत बऱ्याच कमी शब्दांत बसतो, म्हणजे १,६६७ मराठी शब्द हे त्याहून जास्त काम आहे. मग दहाव्या दिवशी धाप लागते आणि माणूस स्वतःला आळशी ठरवतो.

संगणक फक्त मोकळ्या जागा बघतो. 'हळू हळू' दोन शब्द, 'हळूहळू' एक. लिहिण्याची सवय बदलली की काम तेवढंच राहून आकडा बदलतो.

अक्षरसंख्येचा मामला याहून नाजूक आहे. 'क्षत्रिय' हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा. संगणक हलन्त, वेलांटी सगळं सुटं धरतो आणि आठ सांगतो. म्हणून अंकाने '१२,००० अक्षरं' अशी मर्यादा दिली तर ती कुठली अक्षरं हे विचारून घ्या.

हाताने लिहिणाऱ्यांनी पानं मोजावीत. स्वतःच्या अक्षरातली तीन भरलेली पानं एकदा मोजून सरासरी काढा. पुढे वर्षभर तोच गुणक.

आडवी रेघ

दौत-टाक आणि चौकट, दोघांच्याही मांडणीत एक गणित राहिलंय, आणि माझ्या मते सगळे संकल्प तिथेच कोसळतात. मोजमाप सुरू करण्याआधी संकल्प वर्षात मावतो का ते तरी बघा.

वर्षाचे ५२ आठवडे. गणपती, दिवाळी, घरातली लग्नं, मुलांच्या परीक्षा, आजारपण यांचे मिळून आठ सोडा. उरले ४४. आठवड्यात चार बैठका, एका बैठकीत ४०० शब्द, म्हणजे आठवड्याला १,६००. ३,००० शब्दांच्या खर्ड्याला दोन आठवडे लागले. खर्डा आठवडाभर बाजूला ठेवायचा, मग एक आठवडा फेरलेखन. एका कथेला चार आठवडे. ४४ भागिले ४, अकरा. बारा कथांचा संकल्प एकही दिवस न चुकता लिहूनही फसणार होता.

मात्र खर्डा बाजूला ठेवलाय त्या आठवड्यात पुढच्या कथेचा खर्डा सुरू केला तर प्रत्यक्ष काम तीनच आठवड्यांचं उरतं. ४४ भागिले ३, चौदा. बारा सहज मावतात, दोनची जागा शिल्लक. म्हणजे बारा कथांचं भवितव्य त्या एका रिकाम्या आठवड्यावर ठरतं. हे ना रोजच्या चौकटीत दिसतं, ना 'पाठवली'च्या रकान्यात.

'पाडवा ते पाडवा' याबद्दलही सांभाळून. चांद्र वर्ष सारख्या लांबीचं नसतं. २०२५ चं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला, म्हणजे ३८३ दिवसांनी. त्याच्या पुढचं २९ ऑक्टोबर २०२७ ला, ३५५ दिवसांनी. चार आठवड्यांचा फरक आहे, म्हणजे एक अख्खी कथा. दोन वर्षांची तुलना करायची तर दर आठवड्याचा सरासरी आकडा काढा, नाहीतर अधिक महिन्याचं श्रेय स्वतःला द्याल.

दौत-टाक

गणित मान्य, तुलनेचा मुद्दाही मान्य. चौकट यांच्या मिनिटांना मात्र माझा विरोध कायम. मिनिटं मोजली की माणूस मिनिटं भरतो. पहिल्या परिच्छेदाची सोळावी आवृत्ती करतानाही ४५ मिनिटं पुरी होतात आणि चौकटीत समाधानाचा आकडा पडतो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली चलनविषयक धोरणाबद्दल जे मांडलं ते इथे तंतोतंत लागतं: ज्या मापावर दाब येतो ते माप विश्वासाचं राहत नाही.

चौकट

तोच नियम तुमच्या 'पाठवली'लाही लागतो, आणि तिथे नुकसान मोठं आहे. माझी फुकट गेलेली ४५ मिनिटं माझीच असतात. 'पाठवली'चा आकडा वाढवायला माणूस कच्ची कथा पाठवतो, किंवा एकच कथा तीन अंकांना देतो. मग ती दोन अंकांत छापून येते आणि दोन्ही संपादक दुखावतात. ते पुढच्या वर्षीचं दार बंद करणं आहे.

तुमच्याच कोष्टकात मोजायचा तर चौथा रकाना मोजा, 'दुसऱ्याने वाचली'. तो फसवायला अवघड आहे, कारण तिथे समोर एक माणूस लागतो. आणि 'पाठवली'मध्ये नुसती तारीख पुरत नाही. कोणत्या अंकाला, केव्हा, आणि कुठल्या तारखेपर्यंत ती दुसरीकडे द्यायची नाही, या तिन्ही गोष्टी हव्यात. उत्तर आलं नाही तर त्या तारखेला विचारणा करायची, कथा परत घेतल्याचं लेखी कळवायचं, मगच पुढे.

काफिया

कवितेचं काय? गझलेला वरचं एकही माप लागत नाही. पाच शेरांच्या गझलेत शंभरही शब्द नसतात. तिथे उपयोगी पडते ती टाकलेल्या शेरांची नोंद. पंधरा लिहून सहा ठेवले तर 'ठेवले ६, टाकले ९' अशी. टाकलेले शून्य असलेल्या गझला सलग तीन दिसल्या की समजावं, निवड थांबलीये. टाकलेला शेर वहीतून खोडू नका. वृत्त, काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर दर वेळी तसेच येणारे शब्द) तेच असतील तर तो दुसऱ्या गझलेत बसतो.

सातवा मजला

साखळी मोडू न देण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. रोज म्हणजे रोज, हा नियम घातक आहे. सलग ६० दिवस झाले आणि ६१व्या दिवशी ताप आला, तर हरलेला एक दिवस असतो, पण सोडली जाते ती अख्खी वही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा सवयींवरचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ९६ माणसं, सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ मध्यक ६६ दिवस, आणि पसारा १८ ते २५४ दिवसांचा. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. '२१ दिवसांत सवय लागते' ही गोष्ट तेव्हा सोडून द्यावी.

म्हणून आठवड्याचा वाटा ठरवा: सातपैकी चार, कुठलेही. राहिलेला दिवस पुढच्या आठवड्यात ओढायचा नाही. थकबाकी साठली की लोक वही उघडायला घाबरतात.

आडवी रेघ

आढाव्याबद्दल. दर १३ आठवड्यांनी अर्धा तास पुरतो, पण तारीख आधीच लिहून ठेवावी लागते. त्या वेळी बेरीज करत बसू नका, कथा कुठे साचल्यात ते बघा. खर्ड्यात साचल्या असतील तर सुरुवाती जास्त झाल्यात: नव्या टिपणाला पुढचे सहा आठवडे बंदी. फेरलेखनात साचल्या असतील तर बहुधा वाचणारं माणूस नाही: आधी ते शोधा, कथा त्याच्या हातात द्यायची तारीख ठरवा. 'दुसऱ्याने वाचली'नंतर साचल्या तर दोष कथेचा नसतो, पाठवण्याच्या भीतीचा असतो, आणि त्याला मोजमापाचा उपाय नाही.

संकल्पाचा आकडा बदलायचा तर याच बैठकीत. वाईट गेलेल्या संध्याकाळी कधीच नाही. बाराचे आठ करायला लाज नको, मात्र जुना आकडा खोडू नका. त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा आणि कारण लिहा. पुढच्या वर्षीचा अंदाज त्या कारणावरूनच बांधता येतो.

संगणकावर कोष्टक ठेवणाऱ्यांसाठी: 'शेवटचा बदल' असा सहावा रकाना करा, आजच्या तारखेतून तो वजा करा आणि उत्तर २१ च्या वर गेलं की ओळ लाल होईल अशी मांडणी करा. देवनागरी आकडे घालण्याआधी दोन ओळींची बेरीज करून बघा. काही ठिकाणी ते मजकूर म्हणून धरले जातात आणि बेरीज शून्य येते.

दौत-टाक

चौथ्या रकान्याबद्दलचा युक्तिवाद पटला. मोजायचा तो 'दुसऱ्याने वाचली'. 'पाठवली'मध्ये अंकाचं नाव आणि मुदत. चौकटीतली मिनिटं ज्यांना हवीत त्यांनी पहिल्या खर्ड्यापुरती ठेवावीत. फेरलेखनात ती नकोतच, या मतावर ठाम आहे.

चौकट

फेरलेखनातच ती सगळ्यात जास्त हवीत. खर्डा लिहिताना कथा स्वतः ओढून नेते, वेळ निघतो. तिसऱ्या वाचनाला बसवणारं कुणी नसतं, तिथे चौकटच बसवते. सोळाव्या आवृत्तीची भीती असेल तर मिनिटांपुढे पानाचा क्रमांक लिहा: '४५, पान ३'. सलग तीन चौकटींत पान तेच दिसलं तर त्या दिवशी पुढच्या पानापासून सुरुवात करायची आणि ते पान शेवटी हातात घ्यायचं.

मुद्रितशोधक

ही पानाच्या क्रमांकाची नोंद फार उपयोगी आहे. संगणकावर अक्षराचा आकार बदलला की पानं सरकतात, म्हणून तिथे पानाऐवजी प्रसंगाला क्रमांक द्या आणि तोच चौकटीत लिहा.