गोचीड मारायचे कुठे, अंगावर की गोठ्यात?

गोठेकरी
गोचीड दिसले की फवारा, आठवड्याने पुन्हा दिसले की आणखी जहाल औषध. हे थांबवा. अंगावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त बाहेर असतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी गळून पडते, भिंतीच्या भेगेत, गव्हाणीखाली दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. पिल्लं काही महिने उपाशी तग धरतात. भेगा बुजवा, भिंतींना चुना द्या, शेण रोज लांब टाका. नुसतं गायीला भिजवून काय साधणार?

चराऊ
साफ असहमत. आमची जनावरं दिवसभर चरतात, तिथल्या गवताला चुना कोण लावणार? गायींवरचा नेहमीचा गोचीड पिल्लू म्हणून चढला की साधारण तीन आठवडे त्याच अंगावर वाढतो. म्हणजे वेळापत्रक धरून औषध दिलं तर चढलेली पिल्लं तिथेच मरतात, गायच कुरण साफ करते. अमेरिकेने १९०६ मध्ये मोहीम घेतली, ठरलेल्या दिवसांनी गुरं औषधाच्या हौदातून नेली आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोलगतचा पट्टा सोडून गोचीडताप पसरवणारे गोचीड हटवले. गोठे लिंपून नव्हे!

गोठेकरी
ते जमलं कारण सक्ती होती, शेजाऱ्याचीही गुरं हौदात उतरत होती. एकट्याने, तेही अंदाजाने अर्धं झाकण ओतून फवारलं, की उरतात ते चिवट गोचीड. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ, या तिन्ही गोचीडनाशकांना दाद न देणारे गोचीड अनेक देशांत सापडलेत. पुढे काय वापरणार?

चराऊ
मात्रा चुकते हा औषधाचा दोष नाही. जनावराचं वजन बघा, कानाच्या आत, शेपटीखाली, कासेजवळ औषध पोचवा. आणि गोचीडतापाने लघवी लाल झालेली, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या गायीपुढे तुम्ही भेगा बुजवत बसणार का? तिला त्याच दिवशी पशुवैद्यक हवा.

दूधवाली
त्या दिवशी हवाच, यात वाद नको. पण गोचिडांवर आयव्हरमेक्टिन या औषधाचं इंजेक्शन सर्रास दिलं जातं ते मला सहन होत नाही. ते दुधात उतरतं. शेणातूनही बाहेर पडतं आणि शेणकिड्यांची पिल्लं मारतं. दुभत्या गायीला काय चालतं, दूध किती दिवस वगळायचं, हे विचारल्याशिवाय सुईला हात लावू नका.

खुराडे
कोंबड्यांत दोन्ही बाजू खऱ्या ठरतात. लाल माइट, म्हणजे गोचिडासारखाच पण बारीक रक्तपिपासू जीव, दिवसभर कोंबड्या बसतात त्या दांडीच्या फटीत दडतो, रात्री रक्त प्यायला येतो. दिवसा पक्षी तपासून हाती काही लागत नाही, फटीच साफ कराव्या लागतात. पिसांतला नॉर्दर्न फाउल माइट मात्र पक्ष्यावरच राहतो, तिथे खुराडं धुऊन भागत नाही, शेपटीखाली औषध लागतं. आधी अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन दांड्या बघा.

चराऊ
हे पटलं. तरी चरणाऱ्या गुरांबाबत माझं मत तेच. गोठेकरी, तुमच्या गायी बांधून असतात का चरतात, तेवढं सांगा.

गोठेकरी
बांधून. वासरंसुद्धा.